चावीचं घड्याळ पुन्हा पुन्हा पुढे जातंय? दांडीला हात लावायच्या आधी हे बघा

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. चावीचं जुनं घड्याळ. पंधरा-वीस दिवस सरळ चालतं, मग एकाएकी दिवसाला तीन मिनिटं पुढे पळायला लागतं. मागचं झाकण उघडून आतली, चाल कमी-जास्त करणारी दांडी थोडी सरकवली की जागेवर येतं. महिनाभरानं उलटं होतं, तेवढंच मागे पडायला लागतं. दांडी परत सरकवायची. हा खेळ माझ्याकडे सोलापुरात, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपासून मे महिन्यापर्यंत चालला. तेवढ्यात चार वेळा मी झाकण उघडलं आणि घड्याळात दोष कधीच नव्हता.

घड्याळ आप्पांचं आहे, एचएमटी जनता. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली, त्या घराण्यातलं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात चिवट घड्याळ. आप्पा मिलमध्ये होते. मिलचा भोंगा झाला की मनगट वर करून बघायचे आणि घड्याळ चुकलं असेल तर काटा लावायचे. भोंगे बंद झाले, आप्पा घरी बसले, घड्याळ कपाटात गेलं. यंदा जानेवारीत ते माझ्या हातावर आलं. मे महिन्यात मी चिडून टेबलावर आपटायच्या बेतात होतो तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "मी तीस वर्षं घातलं. चावी दिली, घातलं. तुझ्या हातात आलं की रोज कसं काय आजारी पडतंय?"

प्रश्न बरोबर होता, पण मी तो उशिरा ऐकला.

झालं असं. मोबाइलवर टाइमग्राफरचं ॲप घेतलं. घड्याळाची टिकटिक मायक्रोफोननं ऐकून ते दिवसाला किती सेकंद पुढे-मागे हे सांगतं. जनतातलं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४,३२,०००. त्यात ३०० ठोके जादा पडले की घड्याळ एक मिनिट पुढे. टक्क्यात धरलं तर ०.०७. हा हिशेब एकदा मनात ठेवा, म्हणजे दांडी 'थोडीशी' सरकवायची म्हणजे किती थोडी ते कळतं.

जानेवारीत ॲपनं दाखवलं, दिवसाला २०० सेकंद पुढे. काट्यांवर तर तोवर काही दिसलं नव्हतं, पण ॲप खोटं कशाला बोलेल! झाकण उघडलं, दांडी सरकवली, आकडा शून्याजवळ आला. मी खूश. फेब्रुवारीत पट्टा तुटला. नव्या पेठेत एक घड्याळवाले मामा बसतात, त्यांच्याकडून पट्टा घालून आणला. दुसऱ्या दिवसापासून घड्याळ तीन मिनिटं मागे. मी मनात मामांनाच बोल लावला. घरी येऊन अंदाजानं दांडी परत केली, काटे बरोबर चालायला लागले. दहा दिवसांनी खात्री म्हणून ॲप लावलं, तर १९० पुढे. पुन्हा झाकण, पुन्हा दांडी. एप्रिलमध्ये काच बदलायला मामांकडे, पुन्हा मागे. पुन्हा दांडी. मे महिन्यात ॲप लावलं, पुन्हा तीन मिनिटं पुढे. या वेळी मात्र झाकण न उघडता तसाच दुकानात गेलो आणि जरा आवाज चढवूनच सगळं सांगितलं.

मामांनी डोळ्याची काच कपाळावर सरकवली. "मालक, मी तुमचं मशीन उघडलंच नाही. पट्टा घातला, काच घातली, डबीवर फिरवून दिलं. घड्याळात काय नाही. तुमच्या घरात काय तरी हाय बघा की."

डबी म्हणजे डीमॅग्नेटायझर, चुंबकत्व काढणारी निळी प्लॅस्टिकची पेटी. कुठलंही घड्याळ हातात आलं की देताना एकदा त्यावरून फिरवायचं, ही त्यांची सवय. म्हणजे माझं घड्याळ चुंबकानं धरलेलं होतं. मी त्या बिघडलेल्या अवस्थेत दांडी लावत होतो आणि मामा नकळत बरं करून देत होते. बरं झालेलं घड्याळ माझ्या चुकीच्या दांडीमुळे मागे पडत होतं.

चुंबकानं नेमकं काय होतं? घड्याळाचा जीव मागे-पुढे झुलणाऱ्या बॅलन्स चाकाच्या हेअरस्प्रिंगमध्ये असतो. केसाएवढी बारीक स्प्रिंग, डासाच्या अगरबत्तीसारखी गोल गुंडाळलेली. ती चुंबकानं भारली की तिचे वेढे एकमेकांना ओढतात, कधी चिकटतात. चिकटले तेवढी स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि आखूड स्प्रिंग चाकाला लवकर परत फिरवते. म्हणून चुंबकाचं घड्याळ जवळजवळ नेहमी पुढेच पळतं. दांडीही हेच करते, फक्त शिस्तीत: तिच्या दोन पिनांमधून स्प्रिंग जाते, दांडी सरकवली की कामाची लांबी कमी-जास्त होते. आखूड झाली तर जलद, लांब झाली तर हळू.

आता प्रश्न हा की घरात चुंबक कुठला. स्पीकर घड्याळापासून लांब, फ्रिजच्या दारावर मी घड्याळ ठेवत नाही. तपासायला सोपी रीत म्हणून मोबाइलचं होकायंत्र घेतलं आणि संध्याकाळी गच्चीवर गेलो. होकायंत्राजवळ घड्याळ हळूहळू फिरवायचं, सुई उडी मारते का बघायचं. पण घड्याळ खिशातच होतं आणि सुई आधीच भलतीकडे. समोर सूर्य मावळतोय आणि मोबाइल म्हणतो ही उत्तर! मे महिन्यात आपल्याकडे सूर्य पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो हे खरं, पण एवढा नाही. मोबाइल पाकिटासारख्या कव्हरात होता, पान मिटलं की टक् करून चिकटणाऱ्या. कव्हर काढलं. सुई गर्रकन फिरली, सूर्य २९० अंशांच्या आसपास आला, पश्चिम म्हणजे २७०. हे पटण्यासारखं.

मग सगळं लख्ख दिसलं. ॲपला टिकटिक नीट ऐकू यावी, टेबलाची खडखड येऊ नये म्हणून मी कव्हरचं ते पान उघडून गादीसारखं खाली घ्यायचो आणि घड्याळ त्याच्यावर, मायक्रोफोनला टेकवून ठेवायचो. पानात शिवलेला चुंबक बरोबर घड्याळाच्या पोटाखाली. म्हणजे मी मोजायला बसेपर्यंत घड्याळ ठीक असायचं. मोजायला बसलो की बिघडायचं, आणि मोजून झाल्यावर मी ते 'दुरुस्त' करायचो.

तेव्हा तुमचं घड्याळ अचानक दोन-चार मिनिटं पुढे जायला लागलं असेल तर क्रम असा धरा. पहिलं, होकायंत्र. खरं, सुईचं, शाळेच्या कंपासपेटीत येतं तसलं असेल तर उत्तम. मोबाइलचं असेल तर कव्हर काढून. घड्याळ जवळ आणल्यावर सुई हलली किंवा मागे-पुढे थरथरली तर चुंबक आहे. दुसरं, डीमॅग्नेटायझर. ऑनलाइन चार-पाचशे रुपयांत साधा मिळतो, नाहीतर कुठलाही घड्याळवाला दोन मिनिटांत करून देतो. घरी करायचं तर एक गोष्ट सांभाळा: बटण दाबून धरा, घड्याळ डबीच्या अगदी जवळ आणा, आणि बटण दाबलेलंच ठेवून हळूहळू हातभर लांब न्या. लांब गेल्यावरच बटण सोडा. घड्याळ जवळ असताना बटण सोडलं तर उलट जास्त भारलं जातं. डबी लवकर तापते, पाच-सात सेकंदांत काम उरका आणि बँकेची कार्डं टेबलावरून उचला.

एवढं करून एक पूर्ण दिवस घड्याळ नुसतं चालू द्या. बऱ्याच जणांचं दुखणं इथेच संपतं.

पुढे पळायची आणखी दोन कारणं आहेत. घड्याळ पडलं असेल तर हेअरस्प्रिंगचा एखादा वेढा दुसऱ्यावर चढतो, आणि कुणी सढळ हातानं तेल सोडलं असेल तर वेढे तेलानं चिकटतात. दोन्हीत लक्षण चुंबकासारखंच, पण डबीवर फिरवून उपयोग होत नाही. हे घरी करायचं काम नाही. स्प्रिंग एकदा वाकली की सरळ करायला हात तयार लागतो, आणि माझा नाही.

मागे पडण्याची गोष्ट वेगळी. तिथे पुष्कळदा प्रश्न ताकदीचा असतो. चावी अर्धीच दिली, किंवा कधी सकाळी कधी रात्री दिली, तर घड्याळ रोज वेगळ्या जोरावर चालतं आणि रोज वेगळी वेळ दाखवतं. रोज एकाच वेळी, हाताला घट्ट लागेपर्यंत चावी द्या. जास्त चावी दिली की स्प्रिंग तुटते ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. घट्ट लागल्यावर जबरदस्ती केली नाही तर काही होत नाही. उलट अर्धवट चावीचंच घड्याळ दुपारनंतर मरगळतं. चावी पूर्ण देऊनही मागे पडत असेल आणि ॲपमध्ये ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चाकाचा झोका, २०० अंशांच्या खाली असेल तर बहुधा आतलं तेल सुकलंय. तबकडी वर ठेवून, पूर्ण चावीवर निरोगी घड्याळाचा झोका २७० ते ३००च्या आसपास असतो. सुकलेल्या तेलावर दांडी सरकवणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला पळायला लावणं. सर्व्हिसिंग करून घ्या, मग दांडीचं बोला. ॲप 'लिफ्ट अँगल' विचारतं. तो चुकला तर झोक्याचा आकडा चुकतो, सेकंदांचा नाही, म्हणून तिथे अडून बसू नका.

आणखी एक फसवं दुखणं. ॲप म्हणतं दिवसाला ५ सेकंद, आणि काटे म्हणतात दहा मिनिटं मागे. सेकंदकाटा मोबाइलबरोबर बरोबर चालतोय, पण मिनिटकाटा मागे राहतोय. अशा वेळी मशीन निर्दोष आहे, काटे फिरवणारी नळी सैल होऊन घसरतेय. वेळ लावताना चावी अगदी हलकी, लोण्यासारखी फिरते ही तिची खूण. दांडीशी याचा काडीचा संबंध नाही. घड्याळवाल्याला 'काटे घसरतात' एवढं सांगितलं की तो समजतो.

उन्हाळ्याचं म्हणाल तर, एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर गेला की लोक घड्याळाचा दोष उन्हावर ढकलतात. मीही ढकलला होता. पूर्वीच्या साध्या पोलादी स्प्रिंगच्या बाबतीत ते खरं होतं, दर अंशाला दिवसाचे दहा-अकरा सेकंद जायचे. नंतर निकेल-पोलादाचे मिश्रधातू आले, आणि त्यावरच्या कामासाठी शार्ल एदुआर गियोम यांना १९२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या बहुतेक घड्याळांना उन्हाचा फरक नावापुरताच पडतो. तीन मिनिटं उन्हानं जात नाहीत.

आता खरोखर दांडी सरकवायची वेळ. वरचं सगळं झालं, चुंबक नाही, चावी पूर्ण, झोका चांगला, आणि तरी घड्याळ रोज ठरावीक तेवढंच पुढे किंवा मागे जातंय, तेव्हाच ही वेळ. 'रोज तेवढंच' हे महत्त्वाचं. आज ४०, उद्या ५, परवा ९० असं असेल तर दांडी काही करू शकत नाही.

त्यासाठी आधी पाच दिवस वही. माझ्या मशीनमध्ये चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, म्हणून काटा जुळवायच्या भानगडीत पडत नाही. रात्री ९ वाजता घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला की मोबाइलमध्ये किती वाजलेत ते लिहितो. सोमवारी घड्याळात ९ वाजले तेव्हा मोबाइलमध्ये ८ वाजून ५९ मिनिटं ४८ सेकंद, म्हणजे १२ सेकंद पुढे. मंगळवारी ४७ पुढे. फरक ३५. बुधवारी ८१, फरक ३४. हे घड्याळ शिस्तीचं आहे, याची दांडी सरकवता येईल. ॲपचे तीस सेकंदांचे आकडे माहितीपुरते, निकाल वहीचा.

झाकण उघडायची जागा आणि वेळ नीट निवडा. आमच्याकडे अशोक चौकाच्या बाजूला घराघरांत माग, हवेत सुताची लव कायम तरंगत असते. पंखा चालू असला तर ती थेट मशीनमध्ये, पंखा बंद केला तर मे महिन्यात कपाळाचा घाम मशीनमध्ये, आणि घामाचा एक थेंब म्हणजे गंज. मी पहाटे साडेपाचला बसतो. पंखा बंद, खाली पांढरा कागद, बोटांना रबरी टोप्या. झाकण दाबून बसवलेलं असेल तर कडेला एक बारीक खाच असते, तिथेच बोथट पातं लावायचं. आट्यांचं असेल आणि हलत नसेल तर लहान मुलांचा रबरी चेंडू दाबून फिरवा, पुष्कळदा निघतं. चेंडूनंही नाही निघालं तर दुकान.

आत बॅलन्स चाक फिरताना दिसेल. त्याच्या वर, चाकाला धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, म्हणजे पुलावर, एक बारीक दांडी आणि तिच्या टोकाजवळ रेघा. कुठे अधिक-उणे लिहिलेलं असतं, कुठे इंग्रजी एफ आणि एस, जुन्या स्विस मशीनवर ए आणि आर. अधिक, एफ, ए म्हणजे जलद. काही मशीनमध्ये दांड्या दोन असतात. ज्या दांडीला स्प्रिंगचं बाहेरचं टोक बांधलेलं आहे तिला हात लावू नका. ती हलली तर टिक आणि टिकमधलं अंतर लंगडं होतं, टिक-टिक ऐवजी टि-टिक, टि-टिक. ॲपमध्ये तेच दोन वेगळ्या रेघा होऊन दिसतं.

दांडी सरकवायला स्क्रू ड्रायव्हर किंवा लोखंडी चिमटा नको. दात कोरायची बांबूची काडी घ्या. निसटली तरी स्प्रिंग फाटणार नाही, आणि चुंबकाची भीती नाही. काडी दांडीच्या टोकाला टेकवा, ढकलू नका, नुसतं टेकून दाब वाढवत न्या. दांडी सरकलेली डोळ्याला दिसली तर जास्त झालं असं समजा. माझ्या मशीनमध्ये एका रेघेएवढी सरकली की दिवसाला दोन मिनिटांच्या वर फरक पडतो, म्हणजे ३० सेकंदांसाठी रेघेचा चौथा हिस्सा. पहिल्यांदा हात नक्कीच जास्त जाईल. जाऊ द्या, परत आणा. झाकण लावा आणि चोवीस तास थांबा. तासाभरानं पुन्हा उघडून बघायचा मोह होतो, त्यातूनच सगळे घोळ होतात.

शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर चाचणीतसुद्धा दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात, आणि ती घड्याळं कुठली, आपली जनता कुठली. जुनं चावीचं घड्याळ दिवसाला ३० सेकंदांत राहिलं तर त्याचं कौतुक करा. मी मुद्दाम १०-१५ सेकंद पुढे ठेवतो. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस गाठायची असेल तर पुढचं घड्याळ स्टेशनवर दोन मिनिटं जास्त बसवतं, एवढंच.

उरलेला बारीक फरक झाकण न उघडता काढता येतो, आणि मला या सगळ्यात हाच भाग आवडतो. घड्याळ रात्री कसं झोपवलं यावर त्याची चाल बदलते. तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर, चावी खाली, प्रत्येक बाजूला गुरुत्वाकर्षण आणि घर्षण वेगळं लागतं. एकेका रात्री एकेका बाजूनं ठेवा, सकाळी फरक लिहा. प्रत्येक घड्याळाचं वेगळं निघतं. माझं तबकडी वर ठेवलं की रात्रीतून ५ सेकंद पुढे जातं, चावी खाली करून उभं ठेवलं की ४ मागे येतं. म्हणून आठवड्यातून चार रात्री ते शेंगाच्या चटणीच्या रिकाम्या बरणीला टेकून चावी खाली करून उभं असतं.

मामांकडे परत गेलो तेव्हा कव्हर घेऊनच गेलो. त्यांनी ते होकायंत्राजवळ धरलं, सुई गरगरली. "काढून टाका हे," एवढंच म्हणाले, आणि सवयीनं माझं घड्याळ डबीवरून फिरवून दिलं. पैसे घेतले नाहीत. घरी येऊन शेवटची एकदा दांडी लावली, या वेळी वही बघून, ॲप न बघता. सव्वा महिना झाला, दिवसाला १२ सेकंद पुढे आहे. आप्पा रोज रात्री नऊच्या बातम्यांना मनगट मागतात, बघतात, आणि काही बोलत नाहीत.